नलूताईची लेहची लेक

नलूताई झोपेतच गेली हे सांगायला, तिला बोलवायला आलेला कॉलेजचा शिपाई सकाळी आमच्या दारात आला, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "अहो, काल तर भांडून गेली!" भांडण तिच्या मातीवरून... तुळशीपाशी ठेवलेली ती माती मी चुकून उन्हात सरकवली म्हणून.

ती आमची शेजारीण. रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दिवाळीत फौजेतल्या भाच्याने, सुधीरने, लेहहून काय आणावं? जर्दाळू नव्हे, डबाभर काळी खपली धरलेली माती! त्या खपलीतले बारीक जीव हवेतला नायट्रोजन धरून मातीला खाऊ घालतात, कडाक्याच्या थंडीत झोपतात, बर्फ वितळलं की जागे होतात... सांगताना ती नुसती फुलून यायची. आपल्या हवेत ते जगतील का, एवढंच तिला बघायचं होतं. जाणकारांनी कळवलं होतं, नाद सोडा. नाद सोडील तर ती नलूताई कसली!

अर्धी माती तिने आपल्या खिडकीत भिजवून ठेवली, अर्धी आमच्या फ्रीजमध्ये. आळीत फ्रीज आमच्याकडेच. खिडकीतली चार दिवसांत कुजली. फ्रीजमधली बघायला आली, तर डबा गायब.

"हिमालयातली माती गो ती," सासूबाई म्हणाल्या. "दह्याशेजारी ठेवतात काय? तुळशीखाली ठेवल्ये. रोज पळीभर पाणी घालत्ये."

नलूताई अंगणात धावली आणि ओरडलीच. काळ्या खपलीवर हिरवी झाक! आनंदाच्या भरात तिने सोवळ्यातल्या सासूबाईंना कडकडून मिठी मारली. त्या चिडल्या, मग हसल्या आणि पुन्हा आंघोळीला गेल्या. थंडीभर आमच्या घरात त्या हिरव्या झाकेचंच कौतुक.

फाल्गुनात ऊन चढलं तशी ती पिवळी पडू लागली. "पाणी आहे, सावली आहे, पण उकाडा सोसत नाही गं हिला," नलूताई म्हणाली. "सुधीर आला की परत पाठवीन."

सुधीर आला तो तिच्या दिवसांना. निघताना मी डबा त्याच्या हातात दिला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "नलूची लेक ती. रिकामी पाठवतात काय गो? ओटी भर तिची."

मी झाकणाला हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ ठेवला. एवढा फौजी गडी, डोळे पुसत हसत होता. मीही तशीच.

परवा त्याचा ट्रंककॉल आला. खरखरीतून एवढंच ऐकू आलं, "काकू, बर्फ वितळलं... हिरवी झाली!"

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.