चालत्या भरतखंडातले आमचे आतोबा

अख्ख्या माळव्यात पायाखालची जमीन चालते आहे असे मानणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला होता. आतोबा धारच्या शाळेत भूगोल शिकवीत. पृथ्वीवरची खंडे पूर्वी एकमेकांना चिकटलेली होती, मग सुटली आणि अजूनही सरकत आहेत, हे कुणा जर्मन गृहस्थाचे म्हणणे त्यांना कळले ते एका इंग्रजी मासिकातल्या टवाळीवरून. लेखकाने त्या जर्मनाची यथेच्छ खिल्ली उडवली होती. आतोबांनी लेख शांतपणे वाचला, मासिक मिटले आणि ज्याची खिल्ली उडवली होती त्याच्या बाजूने जे उभे राहिले ते कायमचे. चार लोक एका बाजूला झाले की आतोबांचा पाय आपोआप दुसऱ्या बाजूला पडे.

जेवताना ते पोळी मधोमध फाडीत, एक तुकडा पानाच्या या कडेला नि दुसरा त्या कडेला ठेवीत आणि शेजाऱ्याला म्हणत, "ही आफ्रिका, ही दक्षिण अमेरिका. कडा जुळतात की नाही बघा." शेजारी कडा बघेपर्यंत वरण निवून जाई. मनावर गावाकडच्या एका ओढ्यातून त्यांनी शिंपल्यांचे ठसे असलेला दगड आणला होता. पाहुण्याला पाण्याच्या आधी तो हातात मिळे. "समुद्र इथून उठून जाऊ शकतो, तर जमिनीनेच काय घोडे मारले आहे?" असा त्यांचा सवाल असे. एकदा मांडूच्या चढावर टांगा अडला, तेव्हाही व्याख्यान चालूच होते. टांगेवाला वैतागून म्हणाला, "मास्टरसाब, म्हारो घोड़ो तो चाले नी, ने तम धरती चलई रिया हो." आतोबा रागावले नाहीत. खाली उतरून टांगा ढकलता ढकलता, हिंदुस्थान दक्षिणेकडून कसा आला ते त्याला समजावीत राहिले.

इथवर सगळे हसण्यावारी जात होते. मग यमूचे, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे, लग्न देवासच्या एका मानकरी घराण्यात ठरले. इतके मोठे स्थळ आमच्या नात्यात कधी आले नव्हते. आत्याने त्यांना देवापुढे बसवून शपथ घातली, की मांडवात खंडांचा विषय काढायचा नाही. त्यांनी तो काढलाही नाही. विषय भटजींनी काढला.

कन्यादानाचा संकल्प सुरू झाला. आपण कुठे बसून हे कार्य करतो आहोत ते संकल्पात आधी सांगावे लागते. भटजी सांगत आले, "दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे." आमच्याकडची सगळी घराणी हेच म्हणत. पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, धारमध्ये कित्येक पिढ्या झाल्या, पण संकल्पात आम्ही आपले अजून गोदावरीकाठीच बसलेलो. आतोबांनी हातातले पाणी सोडले नाही.

"गोदावरी कुठे आहे इथे?" ते म्हणाले. "देवाला खोटा पत्ता मी देणार नाही. नर्मदायाः उत्तरे तीरे म्हणा."

भटजींनी निमूटपणे मान्य केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 'भरतखंडे' येताच आतोबांनी परत थांबवले. "चलति भरतखंडे," ते म्हणाले. "चालत्या भरतखंडात."

व्याही उठून उभे राहिले. "मास्तर, चालत्या जमिनीवर आमच्याकडे लग्ने लागत नाहीत. तो शब्द संकल्पात आला, तर वऱ्हाड आत्ताच्या आत्ता देवासला परत जाईल."

"अहो, आपण स्वतः कुठून कुठे आलो, हे इतक्या पिढ्यांत आपल्याला कळले नाही," आतोबा म्हणाले. "जमीन हललेली काय कळणार?" बोलणे ताठ होते, पण नजर यमूवर होती. मला वाटले, आता हा माणूस मोडणार. आणि खरे सांगतो, त्याने मोडावे असेच मला वाटत होते.

यमू मान खाली घालूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणा. खोटं सांगून मला देऊ नका."

आतोबांनी संकल्प असा खणखणीत म्हटला की रस्त्यावर ऐकू गेला. व्याही जोडे घालायला निघाले. नवरदेव मात्र जागचा उठला नाही. वडिलांकडे न बघता त्याने ओंजळ पुढे केली. व्याह्यांना परत येऊन बसावे लागले. निघताना मात्र त्यांनी बजावले, की यापुढे मास्तरांनी त्यांच्या घराची पायरी चढू नये.

गाड्या दिसेनाशा झाल्या तशी आत्या ओट्यावर बसून रडू लागली. आतोबा तिला वर्गात समजावतात तसे समजावू लागले. "अगं, सगळा हिंदुस्थान एकसंध सरकतो. धार आणि देवास एकाच तुकड्यावर आहेत. त्यांच्यातलं अंतर केसभरही वाढायचं नाही."

"मग तुम्ही कशाला रडताय?" आत्याने विचारले.

व्याह्यांची पायरी त्यांनी कधी चढली नाही. मात्र सुट्टी लागली की ते देवासला जात, टेकडीचा खडक तपासायचा आहे म्हणून. एकदा मीही बरोबर गेलो. टेकडीवरून व्याह्यांचे अंगण दिसते, हे मला तेव्हा कळले. थोड्या वेळाने यमू अंगणात आली. तिने हात केला नाही, नुसती वर बघत उभी राहिली. आतोबाही तसेच उभे राहिले. खडकाकडे त्यांनी एकदासुद्धा पाहिले नाही.