काचेकडे पाठ करून

ओव्हाळमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या कामाकडे पाठ करून उभे होते.

बॉयलरवर पाणी सांभाळणाऱ्या माणसाचं काम म्हणजे काचेवर नजर ठेवणं. ड्रममध्ये पाणी किती आहे ते हातभर उंचीच्या एका जाड काचेच्या नळीत दिसतं. पाणी फार उतरलं तर बॉयलरच्या नळ्या जळतात, आणि मग काय होईल ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. फार चढलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं आणि सगळा कारखाना बंद पडतो. एक हात पाणी सोडायच्या, म्हणजे फीडच्या व्हॉल्व्हवर आणि डोळे काचेवर, अशी ती आठ तासांची पाळी. आणि हा उंच, काळासावळा, डोक्याला मळकं उपरणं गुंडाळलेला माणूस काचेकडे पाठ करून, पत्र्याच्या भिंतीतल्या झरोक्यातून पॅनघराकडे बघत होता.

मी औरंगाबादहून नुकतीच पदविका घेऊन आलो होतो. कारखाना सहकारी, उस्मानाबाद जिल्ह्यातला, बहात्तरच्या दुष्काळानंतर उभा राहिलेला. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट विभाग होता. म्हणजे मी, एक टेबल आणि न उघडलेल्या चार पेट्या. मी जरा अधिकारानंच विचारलं, "मामा, काच तिकडं आहे ना?"

"हाय की साहेब. कुठं जाती?" ते वळलेही नाहीत. "काच झालेलं सांगती. मला व्हनार हाय ते बघायचं हाय."

तेवढ्यात पॅनघरातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. एकच ठोका. मामांनी लगेच व्हॉल्व्ह पाऊण फेरा उघडला. मग दहाएक सेकंदांनी वाफेचा दाब किंचित पडला, काचेतलं पाणी हललं आणि पुन्हा जागेवर आलं.

ही त्यांनी आणि पॅनवाल्यांनी आपसात ठरवलेली रीत होती. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखर धरायची मोठी कढई. तिची वाफ उघडली की बॉयलरवर एकदम ओढ येते. म्हणून पॅनवाल्यानं आधी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोका द्यायचा. एक पॅन, एक ठोका. एक ठोका, पाऊण फेरा. हे कुठल्याही कागदावर नव्हतं.

मामा कळंब तालुक्यातले, येरमाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा हे ऐन विशीत. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. तिथं वाफेवर चालणारा जुना रोडरोलर होता. त्याचा आगवाला आजारी पडला, तेव्हा यांनी तो चालवला, आणि दुष्काळ संपेपर्यंत त्याच्यावरून उतरलेच नाहीत. पुढं परीक्षा देऊन बॉयलरचा परवाना काढला. तो फ्रेम करून घरात बुद्धाच्या तसबिरीखाली लावला होता. गयामामी, त्यांची बायको, त्यावरची धूळ पदरानं पुसायची आणि म्हणायची, "माझ्यापक्षा ह्याच्याकडंच जास्त बघत्यात."

एकदा मी त्यांना विचारलं, की हे पुढचं ओळखणं तुम्हाला कुणी शिकवलं. त्यांनी खिशातून विडी काढली.

"ल्हानपनी आमाला हिरीवर चढू देत नव्हते, साहेब. खाली घागर ठिवून बसायचं. कुनाला दया आली तर वरनं वतनार. मंग कोन कवा येती, कुनाचा हात मोकळा हाय, कोन न बघताच जाती, हे धा ठिकानाहून बघून ठिवायचं. घागर रिकामी झाल्यावर निगालं तर त्या दिशी पानी न्हाय." हे ते कडवटपणे बोलले नाहीत. रस्ता सांगावा तसं सांगितलं, आणि विडी न पेटवताच खिशात ठेवली.

दुसऱ्या गळिताच्या हंगामाआधी मी त्या चार पेट्या उघडल्या. आत पाण्याची पातळी आपोआप सांभाळणारं यंत्र होतं. काचेतलं पाणी कमी झालं की व्हॉल्व्ह उघडायचा, जास्त झालं की बंद करायचा. महिनाभर खपून मी ते बसवलं. मामांनी नळ्या धरायला, पाने द्यायला मदत केली. यंत्र सुरू झालं आणि काचेतलं पाणी रेघ मारल्यासारखं स्थिर राहिलं. चीफ इंजिनीअरनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेच्या गुर्मीत मी एक काम केलं, जे आजही आठवलं की मान खाली जाते. पॅनघरातला तो रुळाचा तुकडा उतरवून भंगारात टाकायला सांगितला. आता यंत्र होतं, ठोक्यांचं काय काम?

मामा एवढंच म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या की. खायला मागतो का तो?"

मी हसलो.

आठवडाभरानं, दुपारच्या पाळीत, दोन पॅन एकदम उघडले गेले. मी तिथंच होतो. दाब पडला आणि काचेतलं पाणी चढू लागलं. झपाट्यानं, पाऊण काच, जवळजवळ भरली. यंत्रानं आपलं काम चोख केलं. पाणी जास्त दिसतंय, म्हणून व्हॉल्व्ह बंद करत नेला. मामा पलीकडे उभे होते, कान पाणी चढवणाऱ्या पंपाकडे. पंपाचा आवाज बदलला आणि ते एका झेपेत आले, कळ फिरवून यंत्र सोडवलं आणि हातानं व्हॉल्व्ह उघडायला लागले.

मी ओरडलो, "मामा, काच भरलीय! अजून पाणी कुठं घालताय?"

"काच फुगलीय, साहेब! भरली न्हाय!"

मी त्यांचा हात धरला. हो, मी धरला. त्यांनी तो झटकला, आयुष्यात एकदाच, आणि भट्टी सांभाळणाऱ्या शिंदे फायरमनला आग कमी करायला ओरडून सांगितलं. मग माझ्या डोळ्यांदेखत ते पाणी खाली आलं. वाफ एकदम ओढली की दाब पडतो, पाण्यात बुडबुडे सुटतात आणि उतू जाणाऱ्या दुधासारखं ते वर येतं. दिसतं जास्त, असतं कमी. पाऊण काच, अर्धी काच, पाव काच. तळापासून दोन बोटं उरली तिथं ते थांबलं, थरथरलं आणि हळूहळू वर सरकू लागलं. यंत्र आणखी मिनिटभर माझ्या भरवशावर राहिलं असतं तर त्या घरात आम्ही अकरा माणसं होतो.

मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि माठातलं पाणी दिलं.

चीफ इंजिनीअर धावत आले. मी काही बोलण्याआधी मामा म्हणाले, "मशीनचा दोष न्हाय साहेब. त्याला वाफंची खबर कुनी दिलीच न्हाय. आंधळ्याला पानी वाढ म्हनल्यावर तो तरी काय करील?"

मी उठून सांगितलं, की खबर देणारा रूळ मीच काढला. त्या दिवशी मला जी बोलणी बसली ती योग्यच होती. पण माझ्या मनात मामांचं वाक्य घुमत होतं. खबर कुणी दिलीच नाही. पदविकेच्या पुस्तकात शेवटून दुसरा धडा होता, मी परीक्षेपुरता घोकलेला: फीडफॉरवर्ड. चूक दिसल्यावर दुरुस्ती करायची ही एक रीत. चूक ज्या कारणानं होणार ते कारणच आधी मोजायचं आणि चूक व्हायच्या आत हात हलवायचा, ही दुसरी. तो धडा मी वाचला होता, आणि तो धडा रोज करणारा माणूस समोर असताना त्याचा रूळ भंगारात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी रूळ परत टांगला. मग मामांना धडा समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय म्हनला नाव?"

"फीडफॉरवर्ड."

"म्हंजे पुढची खबर."

वाफेच्या मुख्य नळीवर प्रवाह मोजणारं मीटर बसवायला, चीफ साहेबांची समजूत घालायला, सुटे भाग यायला दीड महिना गेला. आता यंत्राला वाफेची ओढ आधी कळणार होती. काच बघून करायची दुरुस्ती त्याच्या मागून. पण इतक्या ओढीला इतकं पाणी, हे प्रमाण कुणी सांगायचं? पुस्तकात सूत्र होतं. सूत्राप्रमाणे मी ते प्रमाण ठरवणारं बटण लावलं तर पाणी काचेत वरखाली डुलायला लागलं.

मग आठ दिवस मामा आणि मी त्या बटणापाशी बसलो. पॅन उघडला की यंत्र किती पाणी देतं ते मामा ऐकायचे. "जास्त झालं." "आता कमी पडलं." मी उतावळा. एकदा चुकलं की बटण अर्धं फिरवायचो. मामा माझं मनगट धरायचे.

"येका चुकीवरनं येवढं फिरवू नका. ती चूक हवंची असंल, जळनाचं चिपाड वल्लं असंल. धा येळा बघा, मंग नखभर फिरवा. शिकू द्या त्याला."

"यंत्र शिकतं का मामा?"

"आपन शिकतो तसंच की. मार खाऊन न्हाय, जरा जरा."

आठव्या दिवशी दुपारी दोन्ही पॅन एकदम उघडायला सांगितले. पंपाचा आवाज आधी चढला, वाफ मागून ओढली गेली. काचेतलं पाणी बोटभर हललं आणि जागेवर आलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "झालं. आता हे माज्यावानी वागतंय."

त्याच संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, ते माझ्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"साहेब, आता सांगतो. मला काच दिसत न्हाय."

मला आधी कळलंच नाही.

"हंगाम लागल्यापासनं धूर धूर दिसतंय. आगीकडं बघून बघून मोतीबिंदू झालाय म्हनं. शिंदेला उभा करून पातळी मोठ्यानं म्हनायला लावतो ते त्याच्यासाठी."

शिंदे फायरमन दर पाच मिनिटांनी "अर्धी! अर्धी!" असं ओरडायचा. मी ती शिस्त समजत होतो. पहिल्या वर्षी मामांनी काचेकडे पाठ केली होती ती हौसेनं. या वर्षी काचेकडे तोंड करून त्यांना उपयोगच नव्हता. मला राग आला. "मामा, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. अकरा माणसं होती तिथं."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं माजं. पर आधी सांगितलं असतं तर त्याच दिशी भाईर काढलं असतं. ते कायद्यानं बरूबर बी हाय. मंग त्या मशीनला शिकीवलं कुनी असतं? डोळं जानार हे मला दिसत व्हतं. जायच्या आत माजं सगळं त्याच्यात घालायचं व्हतं."

त्यांच्या घोगऱ्या आवाजात तक्रार नव्हती. मी महिनोन्महिने त्यांच्या शेजारी बसलो, मोजमाप हा माझा धंदा, आणि हे मला मोजता आलं नव्हतं. आम्ही दोघं मिळून चीफ साहेबांकडे गेलो. त्याच दिवशी त्यांना बॉयलरवरून उतरवलं. परवाना जमा करताना ते दोन्ही हातांनी देत होते, लेक सासरी पाठवावी तसे.

उन्हाळ्यात कळंबला डोळ्यांचं शिबिर भरलं. मी बरोबर गेलो. एक डोळा चांगला झाला, दुसरा जेमतेम. भिंगाचा चष्मा लावून ते परत कामावर आले, नव्या फायरमनना शिकवायला. माझी नोकरी पुढं सुटली, मी पुण्यात शिकवायला लागलो. अलीकडं मुलं मला कौतुकानं सांगतात, की सर, आता यंत्राला उदाहरणं दाखवायची, चूक मोजायची आणि आतले आकडे नखभर हलवायचे, हजारदा. मी ऐकून घेतो. वर्गात एकदा मामांचं 'धा येळा बघा, मंग नखभर फिरवा' हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तर एका मुलीनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे.

निवृत्तीनंतर मामा गावी गेले. कधीमधी मी जायचो. दरवेळी ते गयामामीला काहीतरी शिकवत असायचे. सही करायला. कळंबची एसटी ओळखायला. कुठला कागद कुठल्या ट्रंकेत आहे ते. "मी हिच्यापक्षा धा वर्सानं मोठा. आधी मीच जानार. हिचे हाल नकोत." मामी पाटीवर नाव गिरवता गिरवता म्हणायची, "ह्या वयात साळंत घातलंय बगा मला, भाऊ."

आणि मामीच आधी गेली. ताप आला, आठ दिवसांत सगळं संपलं.

मी महिनाभरानं गेलो. मामा चुलीपुढं बसले होते, चष्म्याच्या एका काचेला पीठ लागलेलं. जयभीम म्हटलं, बसायला सांगितलं.

"ह्याची खबर मला कुठनंच आली न्हाय, साहेब," ते म्हणाले. "माज्या मागं तिनं कसं ऱ्हावं, ते समदं शिकीवलं. तिच्या मागं म्या कसं ऱ्हावं, हे तिला कवा इचारलंच न्हाय."

मी म्हटलं, मामा, चला, रस्त्यावरच्या हॉटेलात जेवू. त्यांनी मान हलवली.

"बसा. काल पानी लई झालं व्हतं, थापताना फाटली. परवा तवाच तापला नव्हता. आज बगू."

त्यांनी काळजीपूर्वक भाकरी उलटली. कडेला फाटली होती, एका बाजूनं काळी. चटणीबरोबर माझ्यापुढं ठेवली आणि त्या जाड भिंगातून माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी घास चावला.

"कशी हाय?"

त्यांच्याशी मला कधी खोटं बोलता आलं नाही. "वरून करपलीय, मामा. आत कच्ची आहे."

"जाळ मोठा झाला," ते म्हणाले. एक लाकूड जरासं बाहेर ओढलं, नखभरच, आणि दुसरी थापायला घेतली.