ओठाला लावायचं

सुरतेत वॉचमनच्या ड्यूटीवर होतो, तेव्हा लातूरहून नीलकंठ सरांच्या सुनेचा फोन आला. "काका, बाबा गेले..." मग रडत म्हणाली, "ताट रोज समोर ठेवत होतो हो. हात न्हाई लावला. अन्नावरची वासनाच उडाली होती." महिना झाला. ते ताट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात मी हदगावहून तिथं आलो, सहावीत शाळा सुटलेला. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांनी मला बेडकं सांभाळायला ठेवलं. प्यायला टँकरचं पाणी, आणि मी माझ्या घागरीतलं गोणपाटावर शिंपडून बेडकं जगवत होतो. शेजारची मावशी म्हणायची, "बायको मिळंना तुला, अन् बेंडकाचे लाड करून राहिलाय!"

एका बेडकाचे दोन्ही डोळे सरांनी बारीक शस्त्रक्रिया करून उलटे फिरवून बसवले होते. गांडूळ वर धरलं की तो खाली झेपावायचा, पुढं धरलं की मागं वळायचा. महिने गेले तरी सुधारला नाही. उपाशी मरतोय म्हणून माझा जीव खालीवर.

"सर, ह्याला दिसंना का?"

"दिसतंय की. पण डोळ्यापासून मेंदूत गेलेल्या वाटा जुन्याच हायत. त्या अंगाला उलटीकडं फेकतात. दाखवू नको त्याला. ओठाला लाव."

चिमट्यानं लावलं. गपकन गिळलं त्यानं.

मागच्या दिवाळीत सरांना भेटलो. मेंदूला झटका येऊन गेलेला. कपाळावर विभूती, पुढ्यात निवलेला चहा. हात कपाच्या वीतभर बाजूला, हवेतच मूठ मिटत होता. मला बघून हसले. "आलास? बघ, तुझा बेडूक झालो."

मी चहा गरम करून आणला, कप ओठाला लावला. घटाघट प्याले. "लई दिवसांनी गरम प्यालो रे."

सून शेजारी गेली होती. माझी गाडीची वेळ झालेली, खाडा पडला तर नोकरी जाईल ही धास्ती. पाया पडलो, निघालो. तिला एक वाक्य सांगायचं राहिलं... नंतर फोनवरही सुचलं नाही.

तिनं वाचावं म्हणून हे लिहितोय. पोरी, त्यांची वासना उडाली नव्हती. हात ताटापर्यंत पोचत नव्हता. चूक तुझी नव्हे. मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही.

निवृत्त होताना सरांनी तो चिमटा मला दिला होता. पेटीत आहे. त्याची टोकं गोल आहेत. बेडकाच्या ओठाला टोचू नयेत म्हणून सरांनी स्वतः दगडावर घासली होती.