तात्यांचा उलटा हात

तळहाताने ताप बघितलेला तात्यांना चालत नसे. म्हशीच्या कासेला ते उलटा हात लावत, डोळे मिटत आणि सांगत, "हिका दगडी होतली." दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी होते तो रोग. आठवड्याभरात तो व्हायचाच.

गिरणी बंद पडल्यावर तात्या जोगेश्वरीच्या तबेल्यात आले ते तिथलेच झाले. मुलगा मालवणला बोलवायचा. तात्यांचं उत्तर ठरलेलं, "हात चलता तवसर हंयसरच रवतलंय," हात चालतोय तोवर इथेच.

मी जनावरांची डॉक्टर. अंगातली उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन तबेल्यात गेले, तेव्हा तात्यांनी त्याची जावयासारखी बडदास्त ठेवली. मी येण्याआधी सगळ्या म्हशी धुऊन काढल्या, शिंगांना तेल लावलं.

"तात्या, हे काय?"

"फोटो काढूचो हा ना गो बाय? मगे आंघोळ नको?"

मी हसले. मग राणी नावाच्या म्हशीजवळ ते थांबले. उलटा हात लावला. "उजवीकडे गरम लागता."

मी कॅमेरा धरला. तापलेला भाग लाल दिसतो. राणीची कास निळीशार होती. "काही नाही तात्या. बघा, थंड आहे."

त्यांनी पडदा पाहिला. मग स्वतःचा हात पाहिला. "माझो हातच म्हातारो झालो," म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते गावी गेले.

ते गेले त्याच दिवशी राणीच्या उजव्या सडातून दुधाच्या गुठळ्या आल्या. दगडीच होती. तेव्हा आठवलं, कास ओली होती. ओली कातडी कॅमेऱ्यात थंडच दिसते. हे मी शिकले होते, आणि निथळणारं पाणी मला दिसतही होतं. औषधं झाली, पण तो सड कायमचा गेला.

महिन्याने तात्यांचा फोन आला. "राणी कशी आसा गो?"

"बरी आहे," मी म्हणाले.

"मग बरा झाला, मी गावाक इलंय ता. चुकीचा सांगत रवलंय असतंय."

मी त्यांची तब्येत विचारून फोन ठेवला. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. दिवाळीनंतर त्यांच्या मुलाने ते गेल्याचं कळवलं. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. त्या दिवशी मी नेहमीसारखी तबेल्यात गेले.

आता म्हशी कोरड्या होईपर्यंत मी थांबते. आधी उलटा हात लावते, मग कॅमेरा. माझा हात अजून बऱ्याचदा चुकतो. तात्यांचा चुकला नव्हता, हे त्यांना माहीत नाही.