मांजरपाटावरची गावे

आदरणीय रंगनाथ त्रिभुवन गुरुजी मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात त्यांच्याच अक्षराचे एक फडके होते आणि मी त्याने कॉम्प्युटरचा पडदा पुसत होतो. गौरवग्रंथात पहिल्या भेटीची आठवण द्यायची असते. ती सुखाची नाही, पण तीच खरी आहे.

नगरच्या आमच्या संस्थेत जिल्ह्यातल्या गावोगावचे जुने मोडी कागद आहेत. ते रुमालात बांधायची पद्धत होती. रुमाल म्हणजे मांजरपाटाचे, जाड्याभरड्या सुती कापडाचे, चौकोनी फडके. त्यावर शाईने गावाचे नाव. आतल्या कागदावर पुष्कळदा गावाचा उल्लेखच नसतो. हा हजेरीपट कुठला, ही तक्रार कुठली, हे फक्त रुमाल सांगतो. मला हे ठाऊक नव्हते. टायपिंगच्या परीक्षेवर मी ऑपरेटर म्हणून लागलो होतो आणि कागद स्कॅन करून सीडीवर चढवण्याचा ठेका दिलेला होता. ठेकेदार म्हणाला, “एका मापाचे कागद एकत्र लाव, मशीन भराभर चालेल.” मी मोठे कागद एकीकडे लावले, लहान एकीकडे. प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून त्यांना ओळीने क्रमांक दिले. एकही क्रमांक चुकवला नाही, याचा मला अभिमान वाटत होता. रुमाल मळके होते. चार-दोन पुसायला ठेवले, बाकीचे परसात पालापाचोळ्याबरोबर जाळले.

गुरुजी त्या दिवशी देवळाली प्रवराहून एसटीने आले होते. महिनाभर आजारी असल्यामुळे त्यांचे येणे झाले नव्हते. त्यांनी माझ्या हातातले फडके घेतले आणि टेबलावर पसरले.

“वाचा बरं, साहेब, काय लिहिलंय.”

“मिरजगाव.”

“मग मिरजगाव आता कुठंय?”

मी प्लास्टिकच्या पिशव्यांकडे पाहिले. ते रागावतील असे वाटले होते. ते पाण्याच्या माठाजवळ गेले, पेलाभर पाणी प्यायले. मग म्हणाले, “चूक सांगनाऱ्याची. तुमी सांगितलं तसं केलं. पन आता बसावं लागंल.”

प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी आठवड्यातून तीनदा स्वतःच्या तिकिटाने नगरला येत होते. एकेक रुमाल सोडून त्यांनी त्यावरचे पुसट झालेले नाव पुन्हा शाईने लिहिले होते, आतल्या प्रत्येक कागदाची पहिली ओळ वहीत उतरवली होती आणि वहीच्या प्रत्येक पानावर गावाचे नाव लिहिले होते. अशा एकेचाळीस वह्या झाल्या होत्या. कुणी सांगितले नव्हते, कुणी विचारलेही नव्हते. एवढे का केले, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “आमच्या बापानं जल्मभर चावडीची कागदं तालुक्याला वाहिली. एक बी वाचता आला न्हाई त्याला. मग कुनीतरी वाचायला नगं का?”

त्या वह्या कॉम्प्युटरवर घेतल्या, तर सीडीवरचे मोडी पान पडद्यावर वाचायचे, त्याची पहिली ओळ शोधायची आणि कागद पुन्हा आपल्या गावी लावायचा, एवढे सरळ काम होते. आम्ही तसा अर्ज केला. संस्थेचे चिटणीस म्हणाले, “गुरुजी, उद्घाटन झालंय. ‘संगणकीकरण पूर्ण’ असं पत्रक छापलंय. पूर्ण झालेल्या कामात दुरुस्ती कसली?”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही. कागद बेवारस झाले, ते चालले; पत्रक खोटे ठरले असते, ते चालत नव्हते. त्यानंतर जो कुणी येई, तो गावाचे नाव सांगे, मी टाइप करी आणि पडद्यावर येई: नोंद आढळली नाही. आम्हाला शिकवलेले उत्तर होते, “संगणकात नाही म्हणजे आपल्याकडे नाही.” मी स्वतः ते कितीतरी लोकांना ऐकवले. ज्यांचा कागद दहा हातांवरच्या कपाटात पडला होता, त्यांना मी परत पाठवले.

श्रीरामपूरच्या शांता साळवे या विद्यार्थिनीलाही मी तेच सांगितले. पाथर्डीकडच्या इंग्रजी अमलातल्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांवर त्या प्रबंध लिहीत होत्या. पाथर्डी टाइप केले, नोंद नाही. त्या वही मिटून निघाल्या, तेवढ्यात कोपऱ्यातून गुरुजींचा आवाज आला.

“काय पायजे, ताई?”

“हजेरीपट, बाबा. पण संगणकात नाही म्हणतात.”

“ह्यांच्या संगनकात ह्यांचा पगार तेवढा सापडतो. बसा.”

कॉम्प्युटर सकाळ-संध्याकाळ पगारपत्रकांसाठी लागे. जेवणाच्या सुट्टीचा एक तास आम्हाला मिळे, तोही चोरून. गुरुजी संस्थेचे नोकर नसल्यामुळे त्यांना खुर्ची देता येत नव्हती. ते माठ उचलून खाली ठेवत, माठाच्या तिवईवर बसत आणि जाताना माठ पुन्हा जागेवर ठेवून जात. त्यांनी वहीतल्या ओळी सांगितल्या, मी टाइप केल्या. मग पडद्याला नाक लावून ते पानामागून पान वाचत राहिले. चौथ्या सुट्टीत हजेरीपट सापडला. बायांची नावे, नावांपुढे अंगठे. साळवेताईंनी मिटलेली वही उघडली आणि एकेक नाव उतरवायला घेतले.

पुढच्या आठवड्यात पेपरात बातमी आली: ‘संगणकाने शोधला दुर्मिळ दस्तऐवज.’ सोबत चिटणीसांचा फोटो. गुरुजींनी ती मोठ्याने वाचली आणि खो खो हसले. “मशिनीनं शोधला म्हनं! मशीन एसटीनं येती व्हय?” मला हसू आले नाही. आजही येत नाही.

संपादक मंडळाने मला गुरुजींच्या ‘साध्या राहणी’वर लिहायला सांगितले होते. मी प्रयत्न केला. पण तिवईवर बसवलेल्या माणसाच्या बसण्याला साधेपणा म्हणणे मला जमले नाही. तो आपला कोतेपणा आहे. साधेपणा त्यांचा आहे तो असा, की रुमाल कुणी जाळले हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नाही. ते मी इथे सांगतो आहे. अर्धी भाकर आणि ठेचा ते रोज माझ्यासमोर सरकवत. वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला मोडी शिकवली. ‘संगणकीकरण पूर्ण’ या शब्दांच्या पाठीवर मी मोडी गिरवली, हे चिटणीसांना या ग्रंथातूनच कळेल.

त्याच चोरट्या तासात एकेचाळीसपैकी सतरा वह्या कॉम्प्युटरवर झाल्या आहेत. चोवीस उरल्या आहेत. गुरुजींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. मोडी मला आता वाचता येते, पण घाईने लिहिलेला आणि कसरीने खाल्लेला कागद अजून तेच लावू शकतात.

पंचाहत्तरीला काय द्यावे, असे विचारायला मंडळ त्यांच्या घरी गेले तेव्हा मी सोबत होतो. शाल, श्रीफळ, मानपत्र अशी यादी वाचून झाली. गुरुजी म्हणाले, “शाल हाय माझ्याकडं. मांजरपाट आना. कागदं पिशवीत घामेजल्यात.” मंडळी हसली. त्यांना तो विनोद वाटला.

तो विनोद नव्हता. शाल द्यायची तर द्या, पण एक ठाण मांजरपाट द्या, एक खुर्ची द्या आणि कॉम्प्युटरचे दोन तास द्या, उजळ माथ्याने. ते पत्रक मागे घ्या. हे मिळेपर्यंत या ग्रंथातले माझे पान आनंदाचे समजू नये.

गुरुजींना उदंड आयुष्य लाभो, दोन्ही डोळे स्वच्छ राहोत, देवळालीची एसटी त्यांना बसायला जागा देवो. चोवीस वह्या संपेपर्यंत त्यांनी आमच्यात असावे, एवढ्यावर मात्र माझे समाधान नाही. शेवटच्या रुमालावर शेवटच्या गावाचे नाव त्यांच्या हाताने लिहून व्हावे आणि त्यानंतरही त्यांनी कितीतरी वर्षे यावे. बसायला खुर्ची असेल. माठ आपल्या तिवईवर असेल. मिरजगावचा रुमाल मी धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. शाई अजून वाचता येते.