बाईंच्या दाराला आडणा

कुलपाच्या बाबतीत चावीवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. किल्ल्या हरवलेली माणसं त्याच्या टपरीवर रडत यायची आणि हसत जायची. आणि याच हुशारीनं त्याचा घात केला.

झालं असं की, मित्राच्या निवृत्तीच्या पार्टीत जरा जास्त झाली. दिवेलागणीला स्वारी जिना चढली आणि चौथ्याऐवजी तिसऱ्याच मजल्यावर थांबली. दारं सगळी एका रंगाची. किल्ली काही लागेना. तुमच्या-आमच्यासारखा असता तर त्यानं बेल वाजवली असती, चूक कळली असती आणि जीभ चावून वर गेला असता. पण हा पडला कलावंत! बायकोनं गुपचूप कुलूप बदललं असं समजून त्यानं मनातल्या मनात तिला शाबासकी दिली, खिशातून तार काढली, दार उघडलं, चपला जोडीनं ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून कोचावर घोरायला लागला.

ते घर मास्तरीणबाईंचं. बाई निवृत्त, एकट्या. आंघोळ करून बाहेर येतात तो काय, कोचावर पुरुष!

त्याला जाग आली ती पोलिसाच्या हलवण्यानं.

ठाण्यातल्या साहेबांनी कपाळावर हात मारला. "चोरी नाही, मारामारी नाही. पण कुलूप उघडून घरात घुसलास, तुला आत टाकता येईल. नाहीतर गल्लीच्या सोबत मंडळाकडे पाठवतो. बाईंचं समाधान झालं तर प्रकरण मिटलं. नाही झालं तर परत माझ्याकडे यायचं."

"साहेब, दोन कानाखाली द्या आणि सोडा ना," चावीवाला म्हणाला. त्याला हे सोपं वाटत होतं. पोलिसात नाव गेलेल्या चावीवाल्याच्या हातात कोण किल्ली देणार, एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्यानं मंडळ पत्करलं. पण समाधान म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगेना.

सोबत मंडळ म्हणजे गल्लीतलीच पाच-सात माणसं. कुणावर काही प्रसंग आला की त्याच्यासोबत ठाण्यात जायचं, घरी बसायचं, हे त्यांचं काम. बाईंसोबत निवृत्त नर्सताई असायच्या. लाँड्रीच्या वरच्या खोलीत बैठक भरली. चावीवाला बायकोला घेऊन आला, किंवा बायको त्याला घेऊन आली म्हणा.

"बाई, चुकलो. मजला चुकला," तो म्हणाला आणि सवयीनं हसला. अख्खी बिल्डिंग हसत होती, त्याला वाटलं बाईही हसतील.

बाई हसल्या नाहीत. नर्सताईच बोलल्या, "त्या दाराला टेबल लावून झोपतात. म्हणजे, पडून राहतात. आंघोळ करताना न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवतात, बाहेर कुणी आलं तर ऐकू यावं म्हणून."

चावीवाल्याचं हसू तोंडातच राहिलं. आपण तर नुसतं झोपलो होतो! मग हे सगळं कुणी केलं?

"बाई, सगळ्यात भारी कुलूप लावून देतो. फुकट."

"तुम्ही ते उघडाल?"

तो गडबडला. हो म्हणावं तर फसला, नाही म्हणावं तर खोटं. शिवाय धंद्याची अब्रू. "उघडेन," तो पुटपुटला.

बायकोनं कोपर मारलं. "मेल्या, इथेही मिरव!"

"मला तुमच्यानं उघडणार नाही असं दार हवंय," बाई म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कुणाकडून तरी..."

"दुसऱ्याचं तुम्ही उघडाल. तुमच्यानं काय उघडत नाही, ते तुम्हालाच ठाऊक."

झालं! आयुष्यभर उघडण्यात गेलेला माणूस, त्याला आता स्वतःलाच बाहेर ठेवायचं होतं. टपरीवर बसून तो कुलपं उलटीपालटी करायचा, गिऱ्हाइकाला भलतीच किल्ली द्यायचा.

शेवटी त्यानं बाईंच्या दाराला आतून जाडजूड कडी बसवली. बाहेर किल्लीचं भोकच नाही. बाई आत, तो बाहेर, पायरीवर नर्सताई.

"उघडा," आतून आवाज आला.

त्यानं फटीतून पत्र्याची पट्टी सारली. मनात आलं, जमत नाही म्हणावं, सुटलो. पण हात मनाआधी चालला. खट्.

"उघडली, बाई."



"अहो, गप्प बसला असता तर?" नर्सताई कुजबुजल्या.

"मग त्या झोपल्या असत्या आणि मी जागा राहिलो असतो," तो म्हणाला. हे आपणच बोललो की काय, याचं त्यालाही नवल वाटलं.

मग त्यानं आतून चौकटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे ठोकले आणि दाराला आडवा टाकायचा मनगटाएवढा लाकडी आडणा आणला. ना दात, ना स्प्रिंग. या वस्तूला तो आजवर हसत आला होता. बाईंनी आतून आडणा टाकला. त्यानं तार घातली, पट्टी घातली, खांदा लावला. घाम फुटला.

"नाही उघडत, बाई."

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. "नाही उघडत."

आत पावलं वाजली. ती दाराकडे आली नाहीत, लांब गेली. दुसरं एक दार लागलं. त्याची कडी सरकली आणि पाण्याचा नळ सुरू झाला.

चावीवाला तिथेच उभा. "म्हणजे माफ केलं का? की मी थांबायचं?"

नर्सताईंनी डोळे पुसले. "साहेबांना मी कळवते. तुम्ही घरी जा."

तो एक मजला वर चढला. किल्ली खिशात होती, तरी त्यानं बेल वाजवली.

"किल्ली हरवलीस?" बायकोनं विचारलं.

"नाही गं. हे आपलंच घर ना?"