पाडव्याचा दुसरा दिवस

"तुमचा आज, आमचा उद्या," असं ती पाडव्याला म्हणायची आणि एक बोट वर करून दाखवायची. एकाच दिवसाचा फरक आहे, एवढंच तिला सांगायचं असे.

ती आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स. मी पुण्याहून आलेली शाळेतली नवी मास्तरीण. गाव पौडच्या पुढे, मुळेच्या काठी. पाटलांच्या घरामागे दोन खोल्या होत्या. एकीत ती, एकीत मी, मध्ये कुडाची भिंत. फाळणीला तेव्हा दहा वर्षं होत आली होती. ती सिंधमधल्या सक्कर गावची. नवरा तिकडून येताना वाटेत गेला. कसा, ते मी कधी विचारलं नाही.

तिचं मराठी तुम्ही ऐकायला हवं होतं. ताप 'येते' आणि म्हातारी 'बरा होतो'. कुणी कितीही कण्हत आलं तरी ती पदर खोचून म्हणायची, "होऊन जाईल, होऊन जाईल." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण पोट दुखायला लागलं की तिलाच बोलावणं धाडायच्या.

पहिल्या पाडव्याला माझ्याकडे गुढीला लावायला धड वस्त्र नव्हतं. मी त्यातल्या त्यात बरं पातळ शोधत होते, तेवढ्यात तिने आपली ट्रंक उघडली आणि गुलाबी रेशमी दुपट्टा काढून माझ्या हातात ठेवला. लग्नातला होता. मी नको नको म्हणत असताना तिने तो स्वतः काठीला बांधला. मग कडुलिंबाची पानं गुळाबरोबर अशी चावून खाल्ली की मीच तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चेटीचंड, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. तिने कणकेचा दिवा केला, ताटात तांदूळ, खडीसाखर, वेलदोडे मांडले आणि मला म्हणाली, "एकटी कशी जाऊ? चल ना, बाई." ताट धरून मी तिच्याबरोबर नदीवर गेले. पाणी हा त्यांचा देव. दिवा सोडून झाल्यावर तिने विचारलं, "ही नदी कुठे जाते?"

मी भूगोल शिकवणारी. सांगितलं, मुठेला मिळते, मग भीमा, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर.

"सिंधकडे नाही जात?"

"नाही. अगदी उलट्या बाजूला."

तिने लांब चाललेल्या दिव्याला हात जोडले. मग म्हणाली, "चालते. होऊन जाईल." घरी येऊन तिने गोड पिवळा भात केला. ताहिरी म्हणायची त्याला. पुढच्या वर्षीही असंच झालं.

तिसऱ्या वर्षी पाटलांचा सव्वा वर्षाचा नातू जुलाबांनी आजारी पडला. घरगुती उपाय करण्यात दोन दिवस गेले आणि ऐन पाडव्याच्या सकाळी त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टर पुण्याला गेले होते. ती एकटीच धडपडत होती. दुपारी पोर गेलं. गावातल्या गुढ्या लवकर उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन माझ्या दारात आली. "आज नको," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"त्या लेकरासाठी पण मागते," ती म्हणाली आणि एकटीच गेली.

धुणं धुणाऱ्या बायकांनी तिला पाहिलं. कणकेचा दिवा आणि तांदूळ पाण्यात, म्हणजे आपल्याकडे एकच अर्थ, करणीचा उतारा. तास-दीड तासात तिला पाटलांच्या ओट्यापुढे उभं केलं होतं. समाचाराला आलेली माणसं बसली होती. मलाही बोलावून घेतलं.

पाटलांचे धाकटे भाऊ म्हणाले, "काल आमचं पोरगं गेलं, आन् आज तू नदीत उतारा सोडतीयास?"

"उतारा नाही. आमचा नवा साल आहे."

"नवं साल काल झालं. आज कुटलं आलं?"

"आमचा आज असते. चंद्र दिसते तेव्हा." मग तिने माझ्याकडे हात केला. "बाईला विचारा. बाईला सगळं माहीत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त इतकंच सांगायचं होतं की आपली प्रतिपदा, यांची द्वितीया. चौथीच्या पोरांना तिथी मीच पाठ करून घेत होते.

मी म्हटलं, "मला यातलं काही ठाऊक नाही. मी कधी गेलेले नाही."

खोली पाटलांची होती, नोकरी कायम व्हायची होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली. आता देत नाही.

तिने मला खोटं पाडलं नाही. नुसता हात खाली घेतला.

त्याच दुपारी कडी वाजली. ती वाटीभर ताहिरी घेऊन उभी होती. "खा. गरम आहे," एवढंच म्हणाली. मी वाटी घेतली. सांगायला लाज वाटते, पण मी तो भात सगळा खाल्ला.

दवाखान्यात बायका येईनाशा झाल्या. चैत्र सरायच्या आतच तिची बदली झाली. एसटी शाळेसमोरूनच जायची. ती निघणार ती वेळ मला माहीत होती. मी फळ्यावर बेरजा लिहीत राहिले आणि हॉर्न वाजला तरी मागे वळले नाही.

पुढे आठ-पंधरा दिवसांनी शाळा सुटताना पाटलांची सून फाटकापाशी उभी होती. जिचं पोर गेलं ती.

"नर्सबाईंचा पत्ता हाय का तुमच्याकडं?"

माझ्याकडे नव्हता. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि बदली कुठे झाली हेही विचारलं नव्हतं.

"माझ्या लेकराला शेवटची आंगूळ त्यांनीच घातली," ती म्हणाली. "रडत व्हत्या. म्या बघितलंय. त्यास्नी सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही..."

"मी आतच व्हते, दाराआड. सासऱ्यांफुडं एकटी कशी बोलणार? म्हनलं, मास्तरीणबाई सांगतील, मंग मीबी बाहीर येते."

 तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि ती पाटलांच्या घराकडे चालायला लागली.